मोहाच्या दिवसांतले पाहुणे

नाल्याकाठच्या मोहाखाली अस्वल येतंय, हे मला आदल्या संध्याकाळीच कळलं होतं आणि मी ते गावात सांगितलं नाही. हे मी आजवर कोणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशी नाही. पंचनाम्याला आलेल्या माणसांनी सरळ विचारलं होतं, त्यांच्यापाशीही नाही. आणि ज्या बाईचा अर्धा चेहरा त्या अस्वलानं नेला, तिच्यापाशी तर नाहीच.

आता मोह पुन्हा पडू लागला आहे. काल पहाटे मागच्या पडवीत येऊन उभा राहिलो आणि तो वास आला. ज्यांनी तो कधी घेतला नाही त्यांना कसा सांगावा? गुळाची रिकामी पोती उन्हात टाकली की येतो तसा थोडा, आणि थोडा तान्ह्या पोराच्या टाळूचा. फाल्गुन सरता सरता आमचं रान उघडंबोडकं होतं. पळस लाल होऊन विझून गेलेला असतो, सागाच्या नुसत्या काड्या उरतात, नाल्यात पाण्याच्या जागी वाळू दिसते. बाकी सगळं हात आखडून बसलेलं असताना मोह मात्र देत सुटतो. वाळल्या पानांवर टप, टप असा आवाज चालू राहतो. शहरातले पाहुणे विचारतात, पाऊस आहे का? मी म्हणतो, नाही, मोह आहे. हे उत्तर त्यांना फार आवडतं. मला ते द्यायला नको वाटतं. पण देतो. धंदा आहे.

धंदा म्हणजे होम-स्टे. चंद्रपूरकडच्या मूल गावाच्या पलीकडे, रानाच्या कडेला आमच्या धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं आहेत, आणि बांधीच्या वरच्या अंगाला बाबांनी मास्तरकीच्या पगारातून बांधलेलं घर. वरोऱ्याची माझी नोकरी सुटली तेव्हा मी आणि माझ्या बायकोनं, वंदनानं, त्या घराच्या तीन खोल्या पाहुण्यांसाठी सारवून-रंगवून काढल्या. जंगलाच्या फाटकाकडे जाणाऱ्या रस्त्यावर मोठमोठी रिसॉर्टं उभी राहिली होती, पोहण्याच्या टाक्यांसकट. आमच्याकडे टाकी नव्हती. झोपायला खाट, पांघरायला स्वच्छ चादर आणि सकाळचा नाश्ता, एवढंच आम्ही विकत होतो. वाघाच्या मागे पहाटे जिप्सीतून गेलेली माणसं धुळीनं भरून परत यायची तेव्हा नाश्ता गरम हवा, हा आमच्या घराचा एकच नेम.

तो नेम सांभाळायची सुगंधाबाई. आमच्या मागच्या गल्लीतली. नवरा मूलला तांदळाच्या गिरणीत, आठवड्याला घरी येणारा. तांदळाच्या पिठाचे आयते, म्हणजे आमच्याकडची धिरडी, ती इतके पातळ घालायची की ताटाची नक्षी दिसावी. कामावर आली त्या पहिल्या दिवशी तिनं चुलीपाशी बसून मला विचारलं होतं,

"भाऊ, हे लोक पैसे देऊन आपल्या घरी झोपाले येतात?"

"हो."

"काऊन जी? त्यायच्या घरी खाटा नाईत का?"

ही गोष्ट मी पुढे किती पाहुण्यांना सांगितली असेल. लोक हसायचे. बाईला मी माझ्या नाश्त्याबरोबर वाढत होतो, हे तेव्हा लक्षात आलं नाही.

त्या वर्षी मोहाच्या दिवसांत सोलांज आली. साठीच्या आसपासची फ्रेंच बाई, बरोबर भरघोस मिशांचा, फारसं न बोलणारा नवरा. त्यांचाही तिकडे हाच धंदा. फ्रान्सच्या कुठल्याशा खेड्यात दगडी घर, जुन्या गोठ्याच्या केलेल्या खोल्या, सकाळी पाव, लोणी, घरचा मुरंबा. त्यांचा हंगाम उन्हाळ्यात सुरू व्हायचा, म्हणून त्याआधी दोघं फिरायला निघालेली. पहिल्याच सकाळी तिनं स्वतःच्या खाटेची चादर अशी ओढून बसवली की वंदना नुसती पाहत राहिली. मग दोघींनी मिळून तिन्ही खोल्यांच्या चादरी तशा बसवल्या. वंदनाला इंग्रजी जेमतेम, सोलांजचं अडखळत, तरी त्यांचं काही अडलं नाही.

सुगंधाबाईचं अडायचं. तिच्यात आणि सोलांजमध्ये मी. एकीचं इंग्रजी ऐकायचं, दुसरीला आमच्या बोलीत सांगायचं. दुसरीचं ऐकून पहिलीला द्यायचं. मला ते काम आवडायचं. दोन्हीकडून माणसं माझ्या तोंडाकडे बघत असायची.

सोलांज म्हणाली, एकदा आमच्या एका पाहुण्यानं शेजारच्या कोंबड्याची तक्रार केली. पहाटे ओरडतो म्हणे.

सुगंधाबाई म्हणाली, "मंग? कापला का कोंबडा?"

नाही, पाहुण्याला रस्त्याकडच्या खोलीत हलवलं.

"कापाचा होता जी. त्याच पाहुण्याले रस्सा करून घालाचा. तक्रारबी गेली, कोंबडाबी गेला."

हे मी सांगितलं तेव्हा तो मिशांचा माणूस पहिल्यांदा मोठ्यानं हसला. सोलांज चुलीपाशी पाटावर बसायची, गुडघे दुखत असूनही. सुगंधाबाई तिला "फ्रान्सवाली बाई" म्हणायची. मोहाच्या फुलांचा रस आटवून, कणकेत घालून केलेल्या पोळ्या तिनं सोलांजला खाऊ घातल्या. सोलांजनं त्याच रसाचा मुरंबा करून पाहिला. तो फसला, ढेपेसारखा झाला. सुगंधाबाई म्हणाली, "बाईले म्हणावं, हे बैलाले चारू." ते मी जरा मऊ करून सांगितलं.

मोह वेचण्याची आमच्याकडे एक रीत आहे. झाडं ज्याची त्याची ठरलेली. रान सरकारचं असो, बांध कोणाचाही असो, आजीपासून ज्या घरच्या बाया ज्या झाडाखाली वेचत आल्या ते झाड त्या घराचं. माझ्या बांधीच्या टोकाला, नाल्याकाठी जो मोठा मोह आहे तो सुगंधाबाईच्या घराचा. माझ्या पडवीतून तो समोर दिसतो. दुसरी रीत अशी, की मोह फक्त माणसं खात नाहीत. हरणं खातात, रानडुकरं खातात, आणि अस्वल तर त्यासाठी जीव टाकतं. म्हणून त्या दिवसांत ज्याला अस्वल दिसलं, पंजा दिसला, उकरलेली माती दिसली, त्यानं संध्याकाळी विहाराच्या ओट्यावर येऊन सांगायचं. मग दुसऱ्या दिवशी बाया एकेकट्या जात नाहीत. उजाडल्यावर सगळ्या मिळून निघतात, आणि त्याआधी पहाटेच कोणीतरी माणूस झाडांखालून डबडं बडवत फिरतो. अस्वल वाट बदलून निघून जातं. यात कोणी कोणाला विचारत नाही की तू कुठल्या घरचा, कुठल्या गल्लीचा. सांगणारा सांगतो, ऐकणारे ऐकतात. लहान असताना मी स्वतः धावत जाऊन सांगितलेलं आहे, आणि बाबांनी पाठीवर हात ठेवलेला आहे.

सोलांजला वाघ दिसला नव्हता. फाटकातून आत जाऊन धूळ खाऊन परत यायची. ती तक्रार करणारी बाई नव्हती. पण मला तिच्यापेक्षा जास्त वाईट वाटत होतं. त्या हंगामात खोल्या बऱ्याच रिकाम्या होत्या. ती म्हणाली होती, मी माझ्या सगळ्या पाहुण्यांना तुमचं घर सांगेन. मी त्या वाक्यावर इमले बांधत होतो. दोन खोल्या वाढवायच्या, मागच्या पडवीला जाळी लावायची, असं बरंच.

त्या संध्याकाळी ऊन कलल्यावर आम्ही तिघं मागच्या पडवीत चहा घेत होतो आणि नाल्यातून अस्वल वर आलं. घाई नाही, भीती नाही. झाडाखाली आलं, तोंड खाली घातलं आणि फुंकर मारून पाचोळा उडवत फुलं ओढू लागलं. तो आवाज पडवीपर्यंत येत होता, कोणीतरी गरम चहा भुरकतंय असा. सोलांजनं माझं मनगट धरलं होतं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. कितीतरी वेळ आम्ही तसेच बसलो. अस्वल पोटभर खाऊन आलं तसं नाल्यात उतरून गेलं. माझ्या मनात त्या वेळी एकच गोष्ट होती, ती आता सांगून टाकतो: उद्या पहाटे ते परत येईल. अस्वल मोहाला लागलं की परत येतं. माझ्या पडवीतून, फाटक नाही, तिकीट नाही, नुसत्या खुर्चीत बसून अस्वल दिसतं, असं होम-स्टे या रस्त्यावर दुसरं नाही.

ओट्यावर जाऊन सांगितलं असतं तर पहाटे डबडं वाजलं असतं.

सुगंधाबाई आत स्वयंपाकघरात भांडी आवरत होती, घरी निघायच्या बेतात. तिला मागचं काही दिसलं नव्हतं. सोलांज धावतच आत गेली. तिचा हात धरला, खिडकीतून मोहाकडे बोट दाखवलं, आणि छातीवर हात ठेवून भराभर बोलू लागली, अर्धं इंग्रजी, अर्धं तिचं. मी दारात पोचलो तेव्हा ती मला म्हणत होती, हिला सांगा, नीट सांगा, ते तिचं झाड आहे ना? आमच्याकडे रानडुकरांची शिकार असते त्या दिवशी रस्त्याला पाटी लावतात, लोकांनी रानात जाऊ नये म्हणून. हिला सांगा.

"काय म्हणून राह्यली जी बाई?" सुगंधाबाईनं मला विचारलं. "मोहाकडे हात करते."

मी म्हणालो, "मोहाच्या पोळ्या लगित आवडल्या म्हणते."

एवढंच म्हणालो. सोलांजकडे वळून मान हलवली, सांगितलं म्हणून.

सुगंधाबाई खूश झाली. सोलांजच्या गालाला हात लावून बोटं मोडली. "सांगा बाईले, उद्या अजून करतो म्हणा. ताज्या फुलायच्या." सोलांजनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, ती सांभाळून राहील म्हणते.

सुगंधाबाईची दोन झाडं. एक गावालगत, एक हे नाल्याकाठचं. रोज ती गावालगतचं आधी वेचायची आणि चांगलं उजाडल्यावर बाकीच्या बायांबरोबर नाल्याकडे यायची. मी स्वतःला तेच सांगितलं. ती येईपर्यंत अस्वल येऊन गेलेलं असेल. म्हणजे मी तिचा विचार केला नव्हता असं नाही. केला होता, आणि मला सोयीचं उत्तर मिळाल्यावर थांबवला होता.

पहाटे आम्ही पडवीत बसलो, श्वास रोखून. अजून फटफटायचं होतं. मोहाखाली काहीतरी काळं, वाकलेलं हललं. सोलांजनं माझा हात दाबला. तिच्या नवऱ्यानं कॅमेरा उचलला. आम्ही तिघंही आनंदात होतो. मग त्या काळ्या आकारानं काहीतरी उचलून कडेवर घेतलं, आणि मला टोपली दिसली.

ताजी फुलं हवी होती तिला, पाचोळ्यात मळायच्या आधीची. म्हणून ती सरळ नाल्याकडच्या मोहाकडे आली होती, अंधारातच, एकटी. फ्रान्सवाल्या बाईच्या पोळ्यांसाठी.

अस्वल खोडाच्या पलीकडून उठलं. ओरडायला मला वेळ होता. थोडा होता, पण होता. मी ओरडलो नाही. ओरडली ती सोलांज, आणि धावला तो तिचा नवरा, हातातला कॅमेरा परजत. मी त्यांच्या मागून धावलो.

त्यानंतरचं गावाला सगळं माहीत आहे. मी गाडी काढली. मूलवरून चंद्रपूर, तिथून नागपूर. सोलांज मागच्या सीटवर सुगंधाबाईचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती, आमच्या स्वच्छ चादरी एकेक करून जखमेला लावत होती. डावा डोळा गेला. गाल शिवला, जबडा जोडला. बाई वाचली. वंदना दोनच दिवसांपूर्वी वरोऱ्याला माहेरी गेली होती, ती थेट नागपुरात आली. तिनं विचारलं, "आधी कोणाला दिसलं नव्हतं का ते?" मी म्हणालो, "नाही." पंचनाम्यातही तेच. एकदा म्हटलं की पुढे म्हणायला जड जात नाही.

गावात म्हणू लागले, भाऊनं गाडी काढली म्हणून बाई जगली. पुढे एका कार्यक्रमात विहारात माझ्या खांद्यावर शाल घातली. सुगंधाबाईच्या नवऱ्यानं घातली. तो गिरणीतून रजा काढून आला होता. त्याला भाषण करता येईना, म्हणून तो नुसता माझे हात धरून उभा राहिला. मला वाटलं, आता सांगावं. समोर बसलेल्या सगळ्या बाया त्या ओट्यावरच्याच होत्या. मी मान खाली घातली. लोकांना तो माझा विनय वाटला.

सुगंधाबाई परत कामाला आली. मी नको म्हणत होतो. ती म्हणाली, "घरी बसून काय करू जी? भिंतीले तोंड दाखवू?" सुरुवातीला पाहुणे असले की पदर डाव्या गालावर ओढून घ्यायची. आता घेत नाही. कोणाला जंगलात काही दिसलं नाही, तोंडं पडून परत आले की तीच म्हणते, "भाऊ, अस्वल नाई दिसलं म्हणतात तं मले दाखवा. त्याची सही हाय माया तोंडावर." मी हे इंग्रजीत सांगत नाही. पण आता बरेच पाहुणे पुण्या-मुंबईचे असतात, त्यांना कळतं. ते आधी दचकतात, मग विचारतात, आणि ती सांगते. छान सांगते. हातवारे करून, अस्वलाचा भुरकण्याचा आवाज काढून. तिच्या सांगण्यात मी सगळ्यांत पुढं धावत असतो. "भाऊ आले धावत, लाकूड घेऊन." माझ्या हातात लाकूड नव्हतं. मी मागे होतो. चहाचा ट्रे धरून मी ते ऐकतो, आणि पाहुणे माझ्याकडे आदरानं पाहतात. होम-स्टे बरं चाललं आहे. पडवीला जाळी लागली.

सोलांज दर वर्षी या दिवसांत निरोप पाठवते. तिच्या अंगणातली फुलं, बर्फ वितळलेलं शेत, नव्या रंगवलेल्या खिडक्या, असले फोटो. गुडघ्यांमुळे तिला आता येववत नाही. सुगंधाची तब्येत विचारते. आणि एकदा तिनं लिहिलं, मला अजून एक कळत नाही. आपण तिला सांगितलं होतं ना, मग ती का गेली? मी लिहिलं, इथे पोटासाठी जावंच लागतं. तिला ते पटलं. गरीब देशाबद्दल असं काही लिहिलं की पटतं. बाईचा चेहरा गेला तो गेलाच, वर तिच्या शहाणपणावरही मी बोट ठेवलं.

सांगायचा प्रयत्न केला नाही असं नाही. मागच्याच आठवड्यात तिच्या अंगणात गेलो. मोह वाळत घातला होता. ओला फिकट पिवळा, कालचा तांबूस, परवाचा मनुक्यांसारखा काळपट. ती उकिडवी बसून त्यातला पाला निवडत होती, उजवा डोळा जवळ नेऊन. आता ती स्वतः वेचायला जात नाही, सून जाते, सगळ्यांच्या घोळक्यात.

"बाई, एक सांगायचं होतं."

"बोला नं जी." तिनं मान वर केली. पूर्ण वळावं लागतं तिला, डाव्या बाजूचं दिसत नाही म्हणून. ती पूर्ण वळली.

मी उभा होतो. कोंबड्या फिरत होत्या. ती वाट पाहून म्हणाली, "उद्या पाहुणे जास्त हायेत का?"

"हो," मी म्हणालो. "जास्त आहेत."

"मंग पीठ आजच भिजवतो. यात उभं राहून सांगण्यासारखं काय हाय? बसा, चहा ठेवतो."

मी चहा घेतला. बशीत तिनं मूठभर वाळला मोह दिला, भाजलेला. मी खाल्ला.

वंदना म्हणते, तुम्ही या दिवसांत असे गप्प का होता? मी म्हणतो, ऊन वाढलं.

कधी वाटतं, सांगून काय होईल. डोळा येणार नाही. तिच्या गोष्टीत जो माणूस धावत येतो तो तेवढा मरेल, आणि त्या माणसावर तिचा जीव आहे. मग वाटतं, हेही मीच माझ्या सोयीनं काढलेलं उत्तर. कुठलं खरं, मला ठरवता येत नाही. तोवर मोह पडत राहतो, पाहुणे येत राहतात, ती आयते घालत राहते.

आता हे लिहिलं. ज्यांनी तिला कधी पाहिलेलं नाही अशा तुम्हाला मी हे तिच्याआधी सांगितलं, हाही तिच्यावर अन्यायच झाला. ती वाचत नाही. सुनेला वाचता येतं, पण हा अंक आमच्या गावात पोचेलच असं नाही, आणि मी त्या भरवशावर लिहीत नाही ना, हेही मला नीट सांगता येणार नाही.

सुगंधाबाईचं मी एवढं देणं लागतो: त्या संध्याकाळी सोलांज पोळ्यांबद्दल बोलत नव्हती, हे मी तिच्या अंगणात जाऊन तिला सांगायचं. ते मी अजून सांगितलेलं नाही.